मिलोस बेट क्वाड बाइकवरून कसे पाहावे

ग्रीसमध्ये क्वाड बाइकला लोक बोलताना 'गुरूना' म्हणतात आणि या शब्दाचा अर्थ डुकरीण असा होतो. बुटकी, रुंद आणि चढणीला लागताच गुरगुरणारी ही गाडी एकदा पाहिली की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. हे नाव ध्यानात ठेवण्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. या गाडीला चार चाके आहेत म्हणून तिच्याकडून मोटारीच्या स्थैर्याची अपेक्षा करू नये आणि हँडल आहे म्हणून मोटरसायकलच्या चपळाईची अपेक्षाही करू नये. जवळच्या ठिकाणी, रमतगमत आणि थोड्याफार खडबडीत रस्त्याने जाण्यासाठी ती उत्तम आहे. लांब पल्ल्याला आणि घाईच्या प्रवासाला ती अगदीच गैरसोयीची ठरते.

म्हणून गाडी निवडण्याआधी बेट निवडावे लागते. क्रीटसारख्या अडीचशे किलोमीटरहून लांब बेटावर क्वाड घेणे हा शुद्ध छळ आहे. सुमारे 430 चौरस किलोमीटरच्या नाक्सोसवरही डोंगरातील गावे पाहून एका दिवसात परत यायचे म्हटले की कंबर बोलू लागते. सायक्लाडीस द्वीपसमूहाच्या नैऋत्य टोकाला असलेले मिलोस मात्र या गाडीच्या मापाचे आहे. ज्वालामुखीतून घडलेले हे बेट सुमारे 150 चौरस किलोमीटरचे असून घोड्याच्या नालेसारखे एका मोठ्या उपसागराभोवती वळलेले आहे. बोटी लागतात ते आदामास बंदर या उपसागराच्या काठावर आहे. तिथून डोंगरावरचे प्लाका चार-पाच किलोमीटरवर, तर ईशान्येचे पोलोनिया आणि दक्षिणेचा पालिओहोरी किनारा प्रत्येकी सुमारे दहा किलोमीटरवर आहे. ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्याला यातले काहीच दूर नाही.

कागदपत्रे आणि करार

क्वाड चालवण्यासाठी ग्रीसमध्ये मोटारीचा, म्हणजे 'बी' वर्गाचा परवाना लागतो. ज्यांच्या भारतीय परवान्यावर केवळ दुचाकीची नोंद आहे त्यांनी या गाडीचा विचार सोडून द्यावा. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही असावा लागतो. तो आपल्या आरटीओकडून मिळतो आणि वर्षभर चालतो, मात्र तो निघण्यापूर्वीच काढावा लागतो, कारण परदेशात पोहोचल्यावर तो काढण्याची सोय नाही. एखादा दुकानदार मूळ परवान्यावरच गाडी द्यायला तयार झाला तरी हुरळून जाऊ नये. अपघात झाला तर विमा कंपनी कागद तपासते आणि त्या वेळी दुकानदाराचा उदारपणा कामाला येत नाही. वयाची अट दुकानागणिक बदलते, त्यामुळे तरुण प्रवाशांनी आधी पत्र पाठवून विचारलेले बरे. करारावर ज्याचे नाव असेल त्यानेच गाडी चालवायची असते. दोघे आलटूनपालटून चालवणार असतील तर दोघांची नावे लिहून घ्यावीत.

विम्याचा कागद सही करण्यापूर्वी नीट वाचावा, कारण क्वाडच्या बाबतीत खरी मेख तिथेच असते. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा कायद्याने बंधनकारक असल्यामुळे तो भाड्यातच असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि ते घेतले तरी ठरावीक रकमेपर्यंतचा भार बहुधा आपल्यावरच राहतो. टायर, गाडीचा तळ, आरसे आणि हरवलेली किल्ली या गोष्टी बहुतेक करारांत विम्याबाहेर असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कच्च्या रस्त्यावर झालेले नुकसानही अनेकदा वगळलेले असते. रुंद दातेरी टायरांची गाडी भाड्याने देऊन तिला मातीत नेऊ नका म्हणणे हा विनोद वाटेल, पण त्याची किंमत युरोत मोजावी लागते. म्हणून दुकानदारासमोर नकाशा पसरावा, कोणते रस्ते चालतील आणि कोणते नाहीत हे विचारावे आणि त्याच्याच पेनाने त्यावर खुणा करून घ्याव्यात. कच्च्या रस्त्याला ग्रीकमध्ये 'होमातोद्रोमोस' म्हणतात. हा शब्द पाठ असला की हे संभाषण पटकन मुद्द्यावर येते. आपल्या प्रवासविम्याची अटही घरूनच वाचून निघावी, कारण कित्येक प्रवासविम्यांत क्वाडच्या अपघाताचा वैद्यकीय खर्च धरलेला नसतो.

गाडी निवडताना आणि ताब्यात घेताना

एकट्याने फिरायचे असेल तर साधारण दीडशे-दोनशे सीसीची गाडी पुरते. दोघे बसणार असतील तर मात्र तीनशेच्या आसपासची गाडी घ्यावी. प्लाका हे गाव समुद्रापासून सुमारे 200 मीटर उंचीवर आहे आणि क्लिमा किंवा फिरोपोतामोसच्या कोळीवस्त्यांकडून वर येणारे रस्ते अंगावर येतील इतके चढे आहेत. लहान इंजिनाची गाडी दोघांना घेऊन अशा चढावर पायी चालणाऱ्याच्या वेगावर येते आणि मागे मोटारींची रांग लागते. गाडीवर दोनच माणसे बसू शकतात. लहान मूल मध्ये बसवून नेणारी कुटुंबे बेटावर दिसतात, पण त्यांचे अनुकरण करू नये. मुले बरोबर असतील तर सरळ मोटार घ्यावी.

ताब्यात घेताना घाई करू नये. बोटीतून उतरलेला सगळा घोळका एकाच वेळी दुकानात येतो, दुकानदाराला सह्या उरकायच्या असतात आणि प्रवाशाला समुद्र दिसत असतो. अशा वेळी बाजूला उभे राहून गर्दी ओसरू द्यावी. मग गाडीभोवती एक फेरी मारून ओरखडे, वाकलेली पायटेकणी, आसनाची शिवण, चारही टायर आणि पेट्रोलचा काटा यांचे चित्रीकरण करावे आणि त्यात दुकानाची पाटीही येईल असे पाहावे. दोन्ही ब्रेक उभ्या गाडीवर दाबून पाहावेत, मग दुकानासमोर दहा पावले चालवून पुन्हा पाहावेत. दिवे, भोंगा, वळणाचे दिवे आणि हात-ब्रेकची खिट्टी तपासावी. गाडी मागे कशी घ्यायची हे दुकानदाराला करून दाखवायला सांगावे. बऱ्याच गाड्यांत पायाचा ब्रेक दाबून ठेवल्याशिवाय उलटा गिअर पडत नाही. हे ठाऊक नसले की पहिल्याच चिंचोळ्या गल्लीत उतरून गाडी ढकलावी लागते.

हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. दुकानात मिळणारी हेल्मेटे सैल असतात, म्हणून दोन-तीन घालून पाहावीत. हनुवटीचा पट्टा बांधून मान हलवली असता जे डोक्याबरोबर हलते तेच घ्यावे.

चालवायला शिकणे

या गाडीला क्लच नाही. उजव्या मुठीजवळची छोटी कळ अंगठ्याने दाबली की ती पुढे जाते आणि सोडली की मंदावते. सगळे इतके सोपे वाटते की शिकण्यासारखे काही उरलेच नाही असा समज होतो आणि बहुतेक अपघातांचे मूळ या समजात आहे. मोटारीच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असते, त्यामुळे वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक वेगाने फिरू शकते. भाड्याने मिळणाऱ्या अनेक क्वाड गाड्यांत मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असतात. डांबरावर वळताना दोन्ही चाके सारखीच फिरू पाहतात आणि गाडी हट्टी जनावरासारखी सरळ रेषेत ढकलली जाते. चालकाला वाटते हँडल कमी वळले. तो आणखी वळवतो, घाबरून वेग कमी करतो, तेवढ्यात टायर पकड घेतात आणि मोटारीच्या मानाने अरुंद आणि उंच बैठकीची ती गाडी एका बाजूच्या दोन चाकांवर उचलली जाते.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही सवयीचे आहेत. पहिला असा की वेग वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच कमी करावा आणि वळणात फक्त हलका, एकसारखा दाब ठेवावा. दुसरा असा की आपले वजन वळणाच्या आतल्या बाजूला न्यावे. डावीकडे वळताना डावा कुल्ला आसनाच्या कडेला सरकवावा, खांदे आत झुकवावेत आणि बाहेरच्या, म्हणजे उजव्या पायाने पायटेकणीवर रेटा द्यावा. मागे बसणाऱ्यानेही तसेच झुकायचे असते. तो बाहेरच्या बाजूला कलला तर चालकाची सगळी मेहनत फुकट जाते. आदामासच्या एखाद्या मोकळ्या वाहनतळावर सकाळी लवकर जाऊन अर्धा तास आठ आकड्याच्या फेऱ्या माराव्यात. त्या अर्ध्या तासात गाडीचा स्वभाव जितका कळतो तितका दोन दिवसांच्या प्रवासात कळत नाही.

अंगठ्याच्या कळीचा आणखी एक खोडसाळपणा आहे. गाडी खड्ड्यात आपटली की शरीर पुढे जाते, अंगठा आपोआप दाबला जातो आणि जिथे थांबायला हवे तिथेच गाडी उसळी घेते. खडबडीत जागी बाकीची बोटे मुठीभोवती घट्ट ठेवून अंगठा कळीवर फक्त टेकवावा. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवण्यापेक्षा गाडीला 'एल', म्हणजे मंद वेगाचा गिअर असेल तर तो टाकावा आणि ब्रेक अधूनमधून लावावेत.

ग्रीसमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. गर्दीत हे विसरायला होत नाही, कारण समोरच्या गाड्या आठवण करून देतात. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर. पहिल्या दिवशी एका किनाऱ्यावरून निघताना मी रुमाल झटकला, गाडी सुरू केली आणि जन्माच्या सवयीने डाव्या बाजूला लागलो. दोन वळणे तशीच गेली. तिसऱ्या वळणावर समोरून आलेल्या छोट्या ट्रकच्या म्हाताऱ्या चालकाने गाडी थांबवली, शांतपणे हात खिडकीबाहेर काढला आणि मला रस्त्याची दुसरी बाजू दाखवली. त्यानंतर मी हँडलच्या मधोमध चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि त्यावर उजवीकडे तोंड केलेला बाण काढला. उपाय पोरकट आहे, पण प्रत्येक थांब्यानंतर निघताना नजर तिथे जातेच.

वळणांवर छोट्या घरासारखी, आत तेलाचा दिवा आणि संताचे चित्र असलेली पेटी खांबावर उभी दिसेल. अशा अनेक पेट्या अपघातात गेलेल्यांच्या स्मरणार्थ किंवा वाचलेल्यांनी कृतज्ञतेपोटी उभारलेल्या असतात. पेटी दिसली की वेग कमी करावा. सरकारी फलकांपेक्षा मी तिच्यावर अधिक विश्वास ठेवतो.

दिवसाची दिशा वाऱ्याला विचारून ठरवावी

मिलोसवर आज कुठे जायचे हा प्रश्न यादी पाहून नव्हे, तर वारा पाहून सोडवावा. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टभर एजियन समुद्रावर उत्तरेकडून 'मेल्तेमी' हा कोरडा, जोरदार वारा वाहतो आणि तो सुटला की कित्येक दिवस थांबत नाही. त्या दिवसांत उत्तर किनाऱ्यावर लाटा फुटत असतात आणि त्याच वेळी दक्षिणेचे किनारे तळ्यासारखे निवांत असतात. दक्षिणेचा वारा असेल तर उलट करावे. उघड्या गाडीवर बसणाऱ्याला हे मोटारवाल्यापेक्षा दुप्पट लागू पडते, कारण कड्यावरच्या रस्त्यावर आडवा झोत आला की हलकी गाडी हातभर सरकते. मे-जून आणि सप्टेंबरमध्ये वारा सौम्य, भाडे कमी आणि रस्ते मोकळे असतात. ऑगस्टमध्येच जायचे असेल तर गाडी आधीच ठरवून ठेवावी.

वारा शांत असेल त्या दिवशी उत्तरेकडे निघावे आणि सर्वांत आधी साराकिनिको गाठावे. ज्वालामुखीच्या पांढऱ्या खडकाला वाऱ्याने आणि समुद्राने इतके गुळगुळीत केले आहे की कोणी ओल्या चुन्यावरून हात फिरवून ठेवला असे वाटते. तिथे सावलीचे एक झाडही नाही आणि दहा वाजल्यानंतर त्या पांढऱ्या पृष्ठभागावरून ऊन खालूनही भाजते, म्हणून सूर्योदयाच्या सुमारास जावे. तिथून पश्चिमेला मांद्राकिया आणि फिरोपोतामोस या कोळीवस्त्या आहेत, तर पूर्वेला पोलोनियाच्या वाटेवर फिलाकोपी हे कांस्ययुगीन नगराचे अवशेष आहेत. मिलोसचा काळा, काचेसारखा ऑब्सिडियन दगड पाती करण्यासाठी प्रागैतिहासिक काळात दूरदूर जात असे आणि त्या व्यापाराशी या वस्तीचे नाव जोडलेले आहे. शेजारीच पापाफ्रागासची चिंचोळी खाडी आहे. तिचे कडे ठिसूळ आहेत, त्यामुळे ती वरूनच पाहावी आणि कडेपासून दूर उभे राहावे. पोलोनियाहून समोरच्या किमोलोस बेटाला वाहने नेणारी बोट जाते, पण भाड्याची गाडी दुसऱ्या बेटावर नेण्यास बहुधा मनाई असते. गाडी धक्क्यावर ठेवून पायी जावे.

या बाजूला एक गोष्ट सांभाळावी लागते. पूर्व मिलोसमध्ये बेंटोनाइट आणि परलाइट या खनिजांच्या मोठ्या उघड्या खाणी आहेत आणि त्यांचे अवजड ट्रक रस्त्यावर असतात. ट्रकच्या मागे धुळीत राहण्यापेक्षा कडेला थांबून पाच मिनिटे जाऊ द्यावीत. बेंटोनाइट ही पाणी शोषून फुगणारी माती आहे. रस्त्यावर सांडलेल्या अशा मातीवर पाऊस पडला की साबणावरून चालल्यासारखे होते.

उत्तरेचा वारा सुटला की दक्षिणेला वळावे. फिरिप्लाका हा रंगीत कड्यांखालचा लांब किनारा कोणालाही सोपा आहे. शेजारच्या त्सिग्रादोला उतरायला कड्याच्या भेगेतून दोर आणि शिडी धरून जावे लागते, त्यामुळे सामान थोडके न्यावे. पालिओहोरीला जमिनीखालची उष्णता वाळूपर्यंत पोहोचलेली आहे. काही ठिकाणी वाळूत हात खुपसला तर चटकन मागे घ्यावा लागतो आणि तिथल्या एका खानावळीत अन्न याच गरम वाळूत पुरून शिजवतात. जेवणाबरोबर वाइन समोर येईल. ग्रीसमध्ये रक्तातील मद्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम असून दुचाकीस्वारांसाठी आणि नवशिक्या चालकांसाठी ती 0.2 आहे. क्वाडवर तोल शरीरानेच सांभाळायचा असल्यामुळे हिशेब करत न बसता चालकाने पाणीच प्यावे.

प्लाका, त्रिपिती आणि क्लिमा ही तीन ठिकाणे दुपार उलटल्यावर एकत्र करावीत. प्लाकाच्या गल्ल्यांत गाडी जात नाही, ती गावाबाहेर लावावी. त्रिपितीला आरंभीच्या ख्रिस्ती काळातील भुयारी दफनगृहे आणि रोमन रंगमंडल आहे. तिथेच जवळच्या शेतात 1820 मध्ये एका शेतकऱ्याला ती मूर्ती सापडली, जी आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात 'मिलोची व्हीनस' म्हणून उभी आहे. खालच्या क्लिमा वस्तीत होड्या ठेवण्यासाठी खडकात कोरलेल्या खोल्या आणि त्यांचे रंगीत दरवाजे पाण्याला टेकून आहेत. तिकडे जाणारा रस्ता अरुंद आणि आकड्यासारख्या वळणांचा आहे. सूर्यास्त पाहायचा असेल तर उजेड असतानाच खाली उतरावे, म्हणजे परतीचे वळण डोळ्यांना ओळखीचे असते.

पश्चिमेकडचा अर्धा भाग

नकाशावर बेटाची पश्चिम बाजू रिकामी आणि मोहक दिसते. तिथले बहुतेक रस्ते कच्चे आहेत आणि पुष्कळ दुकानदार तिकडे गाडी न्यायला बंदी घालतात. फोनवरचा नकाशा हे जाणत नाही. तो अंतर कमी दिसले की निर्धास्तपणे खडीच्या वाटेवर पाठवतो. क्लेफ्तिकोचे सुळके आणि गुहा पाहायच्या असतील तर आदामासहून निघणारी दिवसभराची बोट घ्यावी. समुद्रातूनच ते दृश्य पुरते दिसते. पश्चिम भाग सोडण्याला आणखी एक कारण आहे. मिलोसचा घोणसाच्या कुळातला विषारी साप जगात फक्त मिलोस आणि शेजारच्या तीन बेटांवर आढळतो आणि रात्री रस्त्यावर आल्याने तो वाहनांखाली चिरडला जातो. अंधार पडल्यावर त्या बाजूला चाक न फिरवणे हे त्याच्याही भल्याचे आहे आणि आपल्याही.

अंगावर काय असावे

उन्हाळ्यात अर्धी चड्डी आणि सपाता हा बेटावरचा गणवेश झाला आहे, पण क्वाडवर गुडघे, हातांचे पंजे आणि पायांचे वरचे भाग सर्वांत आधी भाजतात. वारा लागत असल्यामुळे ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. पातळ लांब पँट, लांब बाह्यांचा सदरा, बंद बूट आणि डोळ्यांवर चष्मा एवढे पुरते. सायलेन्सर बऱ्याच गाड्यांत पोटरीच्या उंचीवर असतो. उतरताना त्याच्या विरुद्ध बाजूने उतरण्याची सवय लावावी. टाकी लहान असते आणि पेट्रोल पंप आदामास व प्लाकाच्या परिसरात एकवटलेले आहेत, म्हणून काटा निम्म्यावर आला की भरून घ्यावे. पंपावर कर्मचारीच पेट्रोल भरतो. त्याला शिसेविरहित 95 एवढे सांगितले की पुरे.

अपघात झाला तर प्रथम 112 या क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिकेचा थेट क्रमांक 166 आणि पोलिसांचा 100 आहे. नुकसान किरकोळ असले तरी गाडी हलवण्यापूर्वी दुकानदाराला कळवावे आणि त्याच जागी छायाचित्रे घ्यावीत. गाडी नुसती बंद पडली असेल तर आधी इंजिन बंद करण्याचे लाल बटण चुकून दाबले गेले नाही ना, हे पाहावे. मी या बटणापायी एका उन्हात वीस मिनिटे उभा राहिलो आहे.

परत देण्याची वेळ बोटीच्या किमान दोन तास आधीची ठेवावी. टाकी घेताना होती तितकी भरावी, आसनावरची वाळू झटकावी आणि दुकानदारासमोर पहिल्या दिवसासारखीच एक फेरी मारून चित्रीकरण करावे. अनामत रक्कम कार्डावर अडवलेली असेल तर ती मोकळी केल्याचा कागद मागून घ्यावा, रोख असेल तर तिथेच मोजून घ्यावी आणि हँडलवर लावलेली चिकटपट्टी काढायला विसरू नये.